छप्पन्नचा भाव

दिल्लीत प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात. एक सांगायचा आणि एक घ्यायचा. जनपथवर कुर्ता आठशेला सांगतात आणि अडीचशेला देतात. सरोजिनीनगरात सांगितलेल्या भावात स्वेटर घेणारा माणूस नुकताच बदली होऊन आलाय, हे दुकानदाराला, शेजारच्या दुकानदाराला आणि समोर कणसं भाजणाऱ्यालाही कळतं. इथे भाव ऐकला की पाठ फिरवायची असते. जरा पुढे गेलं की मागून हाक येते, ‘अच्छा भाईसाब, आप बताओ, क्या दोगे?’ आपल्या माणसाचा घोळ एवढाच की तो ‘बघतो’ म्हणून पाठ फिरवतो आणि खरोखरच घरी निघून जातो.

हा सगळा व्यवहार मला नीट समजावून दिला तो एका डायल-अप मोडेमने. त्याच्या खोक्यावर ५६ हा आकडा छापलेला होता. ५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला छप्पन्न हजार बिट. हे पूर्ण छप्पन्न पदरात पडलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. न भेटण्याला तांत्रिक कारणं आहेत, ती ओघाने येतीलच.

ज्यांनी वायफायच्याच घरात डोळे उघडले त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. डायल-अप म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून नंबर फिरवून मिळवायचं इंटरनेट, आणि संगणकाच्या वतीने तो नंबर फिरवून बोलणारं यंत्र म्हणजे मोडेम. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं, तेव्हा डायल-अपचा वेग होता ९.६ केबीपीएस. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं एक खातं होतं, त्यात नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना या धंद्यात यायची मुभा मिळाली आणि दोन-तीन वर्षांत दिल्लीच्या दुकानांतून इंटरनेटच्या तासांची पाकिटं विकायला आली. पन्नास तास, शंभर तास. आतल्या कागदावर युजरनेम आणि पासवर्ड. तास संपले की इंटरनेट संपलं. टेलिफोनचं बिल मात्र वेगळं, ते संपत नसे.

अशा त्या काळात, २००१ साली, आमचा भाचा अमेरिकेहून सुट्टीवर आला आणि त्याने आपला जुना लॅपटॉप आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणून ठेवला. भाच्याने नवा घ्यायचा आणि जुना मामाला द्यायचा, ही अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांची रीतच आहे. लॅपटॉप वजनदार होता. बॅटरी पार बसलेली, त्यामुळे मांडीवर घ्यायचा तर मांडी प्लगपाशी न्यावी लागे. विंडोज ९८ होतं, पण मोडेम नव्हता. डाव्या अंगाला एक अरुंद फट होती. तिच्याकडे बोट दाखवून भाचा म्हणाला, ‘मामा, यात एक मोडेम कार्ड घालायचं की झालं.’ संगणकाच्या बाबतीत ‘की झालं’ म्हणणाऱ्याचं परतीचं विमान बहुधा त्याच रात्रीचं असतं. त्याचंही होतं.

कार्ड आणायचं म्हणजे नेहरू प्लेस. दक्षिण दिल्लीत, कालकाजी मंदिर आणि लोटस टेंपल यांच्या जवळ हा बाजार आहे. भाविक तिकडे जातात आणि संगणकवाले इकडे येतात. नवस दोन्हीकडे बोलले जातात. बसमधून उतरून फरसबंद चौकात पाऊल टाकलं की पोरं घेरत. ‘सॉफ्टवेअर, सर? विंडोज, ऑफिस, फोटोशॉप? कार्ट्रिज भरवाना है?’ आपण नाही म्हटलं तरी ती सोबत चालत राहत, कारण नाही हादेखील त्यांच्या लेखी सुरुवातीचा भाव. वरच्या मजल्यांवर दोन खुर्च्यांएवढी दुकानं. दुकानदार एका खुर्चीवर, दुसऱ्या खुर्चीवर प्रिंटर. गिऱ्हाइकाने उभं राहायचं.

‘लॅपटॉप का मोडेम कार्ड? है ना, सर जी!’ म्हणत त्याने एक चपटी डबी काढली. आत पत्त्यांच्या पानाहून थोडं लहान, ५ मिलिमीटर जाडीचं पत्र्याचं कार्ड आणि त्याला जोडायची वीतभर वायर. या वायरीला डोंगल म्हणायचं. ती बारीक, कार्डात शिरणारी तिची पिन त्याहून बारीक, आणि तुटली तर? ‘डोंगल अलग से नहीं आता, सर. कार्ड के साथ आता है.’ म्हणजे तुटली तर नवं कार्ड.

मी जरा अभ्यास करून गेलो होतो. छप्पन्नच्या आकड्यासाठी १९९७ साली अमेरिकेत दोन पंथ झाले होते. एकाचं तंत्र एक्स-टू, दुसऱ्याचं के-फिफ्टीसिक्स-फ्लेक्स. एका पंथाचा मोडेम दुसऱ्या पंथाशी छप्पन्नची भाषा बोलत नसे. १९९८मध्ये दोघांना एकत्र बसवून वी. ९० नावाचं मानक ठरलं. तेव्हा कार्ड वी. ९०चं हवं, एवढं पक्कं करून मी विचारलं, ‘ये व्ही नाइंटी है ना?’

‘बिलकुल नाइंटी है. नाइंटी-टू बोलो तो नाइंटी-टू कर देंगे.’

आंतरराष्ट्रीय मानकातही घासाघीस चालते हे मला नवीन होतं. गंमत म्हणजे वी. ९२ नावाचं मानक २००० साली खरंच आलेलं होतं, त्यामुळे त्याला खोटंही पाडता येईना. भाव त्याने बावन्नशे सांगितला. मी पाठ फिरवली, जिन्यापर्यंत गेलो, हाक आली, आणि चौतीसशेला सौदा तुटला. ‘बिल के साथ या बिना बिल के?’ बिलासह म्हटल्यावर त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. बिलावर ‘सात दिन टेस्टिंग वॉरंटी’ असा शिक्का मारला. आत्ताच टेस्ट करून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, ‘सर, लाइन डेड है.’

कार्ड फटीत सरकवलं की खट्ट असा आवाज होतो आणि विंडोज ९८ आनंदाने दोनदा किणकिणतं. नवीन हार्डवेअर सापडलं, असं ते जाहीर करतं. सापडलं म्हणजे ओळखलं, असं नव्हे. ओळखीसाठी ड्रायव्हर लागतो आणि तो फ्लॉपीवर असतो. फ्लॉपी घातली. अर्ध्या वाटेवर विंडोजने स्वतःची सीडी मागितली. आता या लॅपटॉपच्या पोटात कप्पा एकच. त्यात फ्लॉपीचं यंत्र बसवा किंवा सीडीचं. बदलायचं तर लॅपटॉप बंद करायचा. सीडीचं यंत्र बसवून पुन्हा चालू केला, तर विंडोजला परत नवीन हार्डवेअर सापडलं आणि त्याने फ्लॉपी मागितली. फ्लॉपी घातल्यावर सीडी, सीडी घातल्यावर फ्लॉपी. केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे दोन टेबलांमधली ही फाइल माझ्या ओळखीची होती. मूळ प्रत इकडे आणि सही तिकडे.

त्यावर उपाय भाच्याने अमेरिकेहून फोनवर सांगितला. सीडीवरच्या कॅब नावाच्या फायली एकदाच हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या आणि विंडोजने सीडी मागितली की तो पत्ता द्यायचा. काम झालं. पण पुढची अडचण फोनलाच आडवी होती. मोडेम नीट बसला का, हे पाहायला टेलिफोनची लाइन लागते. तो नीट का बसत नाही, हे भाच्याला विचारायलाही टेलिफोनची लाइन लागते. घरात लाइन एक. भाचा सूचना द्यायचा, मी वहीत उतरवून घ्यायचो, फोन ठेवायचो, वायर काढून मोडेमला लावायचो, बिघडलेलं तसंच बिघडलेलं पाहायचो, वायर परत फोनला लावायचो आणि रिंग वाजण्याची वाट पाहायचो. तिकडे रात्र व्हायची, इकडे सकाळ.

मग उद्गारचिन्ह आलं. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत आमच्या मोडेमपुढे पिवळ्या वर्तुळात काळं उद्गारचिन्ह. कारण असं की जुन्या रचनेत कॉम १ आणि कॉम ३ हे दोन पोर्ट एकाच इंटरप्ट लाइनवर, क्रमांक ४ वर, बसतात. कॉम २ आणि कॉम ४ हे क्रमांक ३ वर. एकाच वेळी दोघे बोलू लागले की भांडण. आमच्याकडे लॅपटॉपचा इन्फ्रारेड पोर्ट यांतली एक जागा अडवून बसला होता. त्याचा उपयोग काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, भाच्यालाही नव्हतं. तरी तो जागा सोडत नव्हता. शेवटी त्याला डिसेबल करून कब्जा हटवला आणि उद्गारचिन्ह गेलं. सरकारी क्वार्टर रिकामं करून घेणं इतकं सोपं असतं तर इस्टेट खात्याला काम उरलं नसतं.

आता नंबर फिरवायचा. मोडेम म्हणाला, एरर ६८०. डायल टोन नाही. मी वायर फोनला लावून रिसीव्हर कानाला लावला. टोन ठणठणीत. वायर मोडेमला लावली. टोन नाही. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. अमेरिकेत डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा असतो. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरवलेला, किंचित गुरगुरणारा. अमेरिकेच्या बेताने घडवलेल्या आमच्या कार्डाला हा टोन म्हणजे टोन वाटतच नव्हता. दारात यजमान ‘या, या’ म्हणतोय आणि पाहुणा इंग्रजीत निमंत्रण मिळेपर्यंत पायरीवर उभा!

या वेळी भाचा झोपला होता. शेजारच्या आंटींच्या घरून नेहरू प्लेसच्या दुकानात फोन लावला. मी लॅपटॉपपाशी, आंटी फोनपाशी, आणि मध्ये दोन बाल्कन्या. निरोप आंटींच्या खणखणीत पंजाबी आवाजात येऊ लागले.

‘भाईसाब, वो पूछता है, टिक लगा है?’

‘कुठली टिक?’

‘कौन सी टिक, भैया?... कहता है, टोन का इंतजार करो वाली टिक!’

सापडली. नंबर फिरवण्याआधी डायल टोनची वाट पाहा, असं लिहिलेल्या चौकोनात ती होती.

‘कहता है हटा दो!’

‘आणि टोन आलाच नाही तर?’

आंटींनी प्रश्न पोचवला आणि उत्तर आणलं, ‘कहता है, टोन किसको चाहिए, आप नंबर लगाओ!’

टिक हटवली. याच कामाला मोडेमच्या स्वतःच्या भाषेत एक्स-थ्री अशी आज्ञा आहे. पुढच्याने वाट दिली का, हे न पाहता गाडी पुढे घालायची, हा दिल्लीच्या रस्त्यावरचा नियम आमच्या मोडेमला तेव्हा समजला आणि तो बोलू लागला.

त्याचं ते बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी नाही ऐकलं त्यांना कितीही केलं तरी पुरायचं नाही. आधी नंबर फिरवल्याची टिपटिप. मग पलीकडून २१०० हर्ट्झची लांब शिट्टी. मग टँव, टँव, आणि शेवटी खरखरीचा लोट. हा सगळा गोंगाट म्हणजे घासाघीस असते. पलीकडचा मोडेम आपला भाव सांगतो, इकडचा आपला सांगतो. मग दोघे मिळून लाइन तपासतात. कुठल्या सुराला किती आवाज कमी होतो, खरखर किती, प्रतिध्वनी किती. लाइन जेवढं झेपेल म्हणते तेवढ्यावर सौदा तुटतो. कोपऱ्यात दोन छोट्या संगणकांचं चित्र उमटतं. त्यावर बाण नेला की सौद्याचा आकडा दिसतो. खोक्यावर ५६,०००. आमच्या क्वार्टरमध्ये ३१,२००. बावन्नशेचं कार्ड चौतीसशेला मिळालं होतं, त्या मानाने मोडेमने माझ्याहून वाईट सौदा केला असं म्हणता येणार नाही. फक्त इथे गिऱ्हाईक मी होतो.

छप्पन्न कुणालाच का मिळत नव्हतं, तेही सांगून टाकतो. वी. ९०चा हिशेब असा की टेलिफोन एक्स्चेंजपासून पलीकडे सगळं डिजिटल असावं आणि फक्त तुमच्या घरापर्यंतची तांब्याची तार तेवढी ॲनालॉग. ती तारही चांगली हवी आणि आखूड हवी. दिल्लीत ती खांबांवरून, गच्च्यांवरून, निंबाच्या फांद्यांतून यायची आणि वाटेत माकडं तिच्यावर झोके घ्यायची. त्यातही छप्पन्न हा फक्त येतानाचा दर. तुमच्याकडून जाणाऱ्या पत्रासाठी कमाल दर ३३.६. अमेरिकेत तरी मिळत असेल म्हणावं, तर तिथे टेलिफोनच्या तारेवर किती शक्तीचा संदेश सोडायचा याचा नियम होता, आणि त्यामुळे तिथली कमाल मर्यादा ५३.३. म्हणजे ज्या देशाने छप्पन्न छापले, त्या देशातच छप्पन्न देण्याची सोय नव्हती.

घरात मोडेम आल्यावर सगळ्यांची भाषा बदलली. एरर ६७६ म्हणजे लाइन बिझी. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९१ म्हणजे पासवर्ड चुकला. मुलं हे आकडे सर्रास वापरू लागली. ‘आईला विचारलंस का?’ ‘विचारलं, सहाशे अठ्ठ्याहत्तर.’ सौ.ने आधी त्या आवाजावर बंदी आणली. मोडेमला एम-झीरो अशी आज्ञा दिली की तो मुका होतो, तसा केला. मग मोडेम चालू आहे की बंद हेच कुणाला कळेना. आतल्या खोलीतल्या पॅरलल फोनचा रिसीव्हर कुणीतरी उचलायचं आणि इकडे पुण्याच्या मुलीचं पत्र अर्ध्यात तुटायचं. शेवटी सौ.नेच सांगितलं, ‘अहो, ओरडू दे त्याला. निदान माझ्या बहिणीचा फोन का लागत नाही ते तरी कळेल.’

हे सारं कशासाठी? मराठी पेपर वाचण्यासाठी. मुंबई-पुण्याचा छापील पेपर आम्हा दिल्लीकरांच्या हाती शिळा होऊन यायचा. इंटरनेटवर तो ताजा होता, पण तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं आणि प्रत्येक पेपरचा फाँट वेगळा. तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर अग्रलेखाच्या जागी नुसते कंस, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. पेपर बदलला की फाँट बदला. आणि चित्र! शंभर केबीचा एक फोटो आमच्या वेगाने अर्धं मिनिट घ्यायचा आणि वरून खाली उलगडत यायचा. आधी मंत्र्यांचं कपाळ दिसायचं. मंत्री कोण, हे ठरवायला चष्मा यावा लागे. तेवढ्या वेळात पैज लावता यायची.

लॅपटॉप असल्याने तो कुठेही नेता येतो, असा एक समज होता. आम्ही तो नोएडाला मावसभावाकडे नेला. विंडोज ९८ डायल करण्याआधी विचारतं, तुम्ही कुठून बोलताय? देश कोणता, भागाचा कोड कोणता? एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या पट्ट्यात, हा प्रश्न सोपा नाही. दिल्लीत तेव्हा महानगर टेलिफोन निगम, यमुना ओलांडली की उत्तर प्रदेश, तिथे भारत संचार निगम, कोड ०११ नव्हे तर ०१२०. त्याच वर्षी सुरू झालेल्या डीएनडी पुलावर गाडीचा टोल भरायचा आणि पलीकडे गेल्यावर मोडेमला नवं गाव शिकवायचं. मावसभावाचं ऑफिस कॅनॉट प्लेसमध्ये, घर नोएडात, सासुरवाडी गुडगावात. विंडोजला त्याने काय सांगावं?

जून महिन्यात संध्याकाळी दिल्लीत आंधी येते. आकाश पिवळं होतं, धूळ उठते, दारं आपटतात, मग वीज. तारेवरून आलेला विजेचा एक धक्का मोडेमला पुरतो. जाणते लोक आंधी दिसली की आधी फोनची वायर काढायचे आणि मग गच्चीवरचे कपडे. आमच्या घरी अशाच एका संध्याकाळी कपडे वाळत होते आणि त्यांचा नंबर पहिला लागला. दुसऱ्या दिवशी मोडेमला ना अमेरिकेचा टोन ऐकू येत होता, ना भारताचा. टेस्टिंग वॉरंटी केव्हाच संपली होती.

त्यानंतर तीन वर्षांनी, १४ ऑक्टोबर २००४ रोजी, सरकारने ब्रॉडबँडचं धोरण जाहीर केलं आणि ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरवलं. मला त्या कागदातला सगळ्यात क्रांतिकारक शब्द ‘किमान’ हा वाटला. छप्पन्न हा जास्तीत जास्तचा आकडा होता, त्याला खालून आधारच नव्हता. २५६ हा कमीत कमीचा होता. पुढे ही मर्यादा ५१२ केबीपीएस आणि मग २ एमबीपीएस झाली. डायल-अपने मात्र चिवटपणा सोडला नाही. अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी.

आता घराघरांत फायबर आलं, शंभर-दोनशे एमबीपीएसच्या जाहिराती आल्या. मोडेम ओरडत नाहीत, म्हणून सौदा होतच नाही असं मात्र समजू नका. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असतंच, आणि रात्री नऊ वाजता सगळी सोसायटी सिनेमा बघायला बसली की त्याचा अर्थ कळतो. तेव्हा जोडणी घेताना वरच्या आकड्याची चौकशी करू नका, तो विकणारा न विचारता सांगतो. खालचा आकडा विचारा, आणि जमलं तर तो बिलावर लिहून घ्या.